काळी ज्वारी कोंबडीला, पांढरा नफा कोणाला?



ज्वारी दाण्यावर आली की परतीच्या पावसाने गाठायचे आणि मोत्यासारखा दाणा आठ दिवसांत काळा पडायचा, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. सोंगणी केली, मळणी केली, पोती बाजारात नेली, की खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो आणि निकाल देतो, "हे काई मानसाच्या खान्याचं राह्यलं नाई भाऊ, कोंबड्यालेच जाईन." त्या एका वाक्यावर भाव कोसळतो. मोजणी नाही, तपासणी नाही, कागद नाही. फुंकर हीच प्रयोगशाळा.

या वाक्याचा जरा हिशेब करू. काळी ज्वारी विषारी असेल तर ती कोंबडीलाही घालता येणार नाही, कारण असल्या विषाला पिलू माणसाच्या आधी बळी पडते. ती विषारी नसेल तर एवढा भाव पाडायला कारण उरत नाही. आणि मधल्या मधे कुठेतरी ती स्वच्छ होऊन, वाळून, दुरुस्त होऊन कोंबडीच्या पोटात जात असेल, तर ही दुरुस्ती कोण करतो, तिला खर्च किती येतो, आणि आपल्या भावातून कापलेला पैसा व तो खर्च यांतला फरक कोणाच्या खिशात पडतो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही हाच प्रश्न ठेवत आहोत.

दाणा काळा का पडतो?

आपल्या आज्या-पणज्याची गावरान ज्वारी उंच वाढायची, दिवस लहान झाले की मगच निसवायची आणि पाऊस सरल्यावर दाणा भरायची. बुरशीला ओल मिळायचीच नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. पुढे सीएसएच-५, सीएसएच-९, आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तयार झालेले सीएसएच-१४ अशी रांग लागली. उत्पादन वाढले, यात वाद नाही. पण ही वाणे शंभर-एकशे दहा दिवसांत तयार होतात. जूनअखेर पेरलेली ज्वारी सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पक्व होते आणि नेमका त्याच वेळी पाऊस कणसावर बसतो. म्हणजे दाणा काळा पडतो तो शेतकऱ्याच्या आळसाने किंवा अडाणीपणाने नाही. देशाला धान्य पाहिजे म्हणून जे वाण पेरायला सांगितले, त्या वाणाच्या पक्वतेचा महिना आणि आपल्या पावसाचा महिना एकच आहे. देशाने उत्पादन घेतले, काळेपणाचा तोटा मात्र आपल्या एकट्याच्या नावावर मांडला.

आता हा काळेपणा नेमका काय आहे ते पाहू. शेतात उभ्या कणसावर मुख्यतः तीन-चार जातींच्या बुरशी वाढतात. कर्व्ह्युलेरिया आणि अल्टरनेरियाने दाणा काळपट होतो, फ्युजेरियमने पांढरट-गुलाबी होतो. फ्युजेरियमच्या काही जाती फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करतात. याहून वाईट विष म्हणजे अॅफ्लाटॉक्सिन. ते अॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर-हिरव्या बुरशीचे. ज्वारीत ते मुख्यतः दमट दाणा साठवल्यावर वाढते. दाण्यात ओल १४ टक्क्यांच्या वर, हवा उबदार आणि पोती एकावर एक रचलेली, की त्याचे फावते.

यातून एक गोष्ट निघते आणि ती प्रत्येकाने गाठीला बांधावी. काळा रंग हे विषाचे माप होऊ शकत नाही. वरून काळी दिसणारी, पण लगेच वाळवलेली ज्वारी कोंबडीला चालण्याजोगी असू शकते. वरून पिवळाधमक दिसणारा मका किंवा भुईमुगाची ढेप आतून अॅफ्लाटॉक्सिनने भरलेली असू शकते. आपल्या देशात खाद्यातले हे विष जास्त करून मक्यातून आणि भुईमुगाच्या ढेपेतूनच येते. विष डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. भारतीय मानक ब्युरोने कोंबडीच्या खाद्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका टन खाद्यात फक्त २० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. एवढेसे विष फुंकर मारून ओळखणारा जादूगार कुठल्या बाजार समितीत बसला असेल, तर त्याचा जाहीर सत्कार करायला आम्ही तयार आहोत.

विष खोटे नाही

भाव पाडण्याचा बहाणा खोटा आहे म्हणून विषही खोटे आहे, असे कोणी समजू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी बघता बघता मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. अॅफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतरचे.

आपल्याकडची गोष्ट त्याहून जवळची आहे. १९७४ च्या पावसाळ्याअखेर अवेळी पावसात मक्याची कणसे भिजली. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या दोनशेहून अधिक गावांतल्या आदिवासी कुटुंबांकडे दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तोच मका खाल्ला. ३९७ माणसांना कावीळ झाली, १०६ मेली. ती माणसे आपल्यासारखीच होती. बाजारात जे विकले जात नाही ते घरात खायचे, हा गरीब शेतकऱ्याचा नियम त्यांना भोवला.

आणि १९९५ साली तर थेट आपल्या पिकाचीच पाळी आली. कर्नाटक-आंध्रच्या दख्खनी पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन २७ गावांत लोकांना पोटदुखी व हगवण लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी धान्य तपासले, त्यात फ्युमोनिसिन सापडले. त्या घरांतले धान्य त्यांनी एक दिवसाच्या कोंबड्याच्या पिलांना घातले, तर पिलांनाही तशीच हगवण लागली. ज्याला आपण 'कोंबडीला चालते' म्हणतो, त्या कोंबडीच्याच पिलाने साक्ष दिली.

म्हणून मायबहिणींना आमचे सांगणे आहे. बुरशी धरलेली, खवट वास येणारी, गोळे झालेली ज्वारी घरच्या भाकरीला नको, घरच्या कोंबड्यांना नको, दुभत्या गाईलाही नको. गाईच्या पोटात गेलेले अॅफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरते आणि ते दूध आपलेच लेकरू पिते. भाकरी भाजून, कण्या शिजवून हे विष जात नाही. ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

कारखान्यात काय करतात?

खाद्याच्या कारखान्यात आपल्या ज्वारीवर काही मंत्र घालत नाहीत. तिथे जे होते ते पाच-सहा साध्या कामांत सांगता येते. कृषी शाळेत आम्ही हे इंग्रजीत शिकलो. ते मराठीत सांगायला अवघड काही नाही.

पहिले काम चाळणीचे. सगळ्यात जास्त विष फुटक्या, किडक्या, हलक्या दाण्यांत आणि चुऱ्यात असते. चाळून आणि वाऱ्यावर धरून ते वेगळे केले की उरलेल्या मालातला धोका बराच उतरतो. हे काम आपल्या सुपाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फरक इतकाच, की आपण पाखडलेले खाली टाकतो आणि कोंबड्या ते टिपतात. नेमके तेच टिपू द्यायचे नाही.

दुसरे काम वाळवण्याचे. दाण्यातली ओल १२ टक्क्यांवर आणली की बुरशीची वाढ थांबते. ओल ओळखायला घरगुती युक्ती आहे. कोरडी काचेची बाटली घ्यावी, तिच्यात मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ टाकून चांगले हलवावे, थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, पोते शिवू नये. मीठ सुटे राहिले तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावी, म्हणजे खात्री होते.

तिसरे काम आम्लाचे. प्रोपिऑनिक आम्ल किंवा त्याचे कॅल्शियमचे मीठ खाद्यात मिसळतात. त्याने जिवंत बुरशी दबते, साठवणुकीत खाद्य खराब होत नाही. पण आधी तयार झालेले विष त्याने जात नाही.

चौथे काम वाफेचे. खाद्य ८० अंशांच्या पुढे वाफाळून त्याच्या गोळ्या पाडतात. साल्मोनेला जातीचे जंतू, जे पिलांना हगवण लावतात आणि अंड्या-मांसातून माणसांपर्यंत येतात, ते या उष्णतेने मरतात. अॅफ्लाटॉक्सिन मात्र याही उष्णतेला पुरून उरते.

पाचवे काम मातीचे. बेंटोनाइटसारख्या काही चिकणमाती अॅफ्लाटॉक्सिनला कोंबडीच्या आतड्यातच धरून ठेवतात आणि विष्ठेवाटे बाहेर काढतात. अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी १९८७-८८ च्या सुमारास हे कोंबड्यांवर दाखवून दिले. प्रमाण साधारण टनाला पाच किलो, म्हणजे एका क्विंटलला अर्धा किलो. पण ही माती अॅफ्लाटॉक्सिनलाच चांगली धरते. फ्युजेरियमच्या विषांवर तिचा फारसा इलाज चालत नाही. तेव्हा 'सर्व विषांवर एकच पुडी' असे सांगत कोणी विक्रेता दारी आला, तर त्याला कोणते विष, किती धरते आणि कोणत्या तपासणीवरून, हे तीन प्रश्न विचारावे.

आणखी एक काम काही ठिकाणी चालते, ते पॉलिशचे. काळी ज्वारी यंत्रात घासली की वरचे साल निघते आणि दाणा पुन्हा पांढरा दिसतो. बुरशीचा बराच भाग खरोखर सालाबरोबर जातो. पण तो जातो कुठे? कोंड्यात. आणि तो कोंडा कोणाच्या तरी गोठ्यात किंवा शेडवर येतो. दाणा पांढरा होऊन शहरात जातो, विष कोंड्यातून खेड्यात परत येते.

आता या कामांपुढे आपल्या भावातली कपात ठेवा. १८ टक्के ओलीचे एक क्विंटल दाणे १२ टक्क्यांवर आणले तर ९३ किलोंहून थोडे अधिक दाणे उरतात. म्हणजे ओलीपोटी खरी घट सात किलोंच्या आतली. चाळणीत जे जाईल ते वजन करून दाखवता येते. क्विंटलमागे अर्धा किलो माती आणि थोडे आम्ल. हा सगळा हिशेब कागदावर मांडून कोणी म्हणाला की एवढी कपात रास्त आहे, तर ती आम्ही मान्य करू. पण फुंकर मारून तिसरा हिस्सा किंवा निम्मा भाव कापायचा आणि कारण विचारले तर 'माल काळा आहे' एवढेच उत्तर द्यायचे, याला व्यापार म्हणत नाहीत.

कोंबडीला ज्वारी कमी प्रतीची लागते, हाही असाच एक पसरवलेला समज आहे. आपली पांढरी ज्वारी, जिच्यात तुरट टॅनिन नसल्यातच जमा, ती पोषणात मक्याच्या जवळपास उभी राहते. एकच उणीव, मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही, म्हणून अंड्याचा बलक फिका पडतो. थोडा मका किंवा हिरवा पाला दिला की तेही भागते. खाद्यवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. मका महागला की ते ज्वारीकडे वळतात. ठाऊक नाही असे दाखवायचे ते फक्त आपल्यासमोर.

सरकीच्या ढेपेचेही तेच

आपले दुसरे पीक कापूस, आणि त्याच्या सरकीची ढेपही खाद्याच्या बाजारात जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाई-म्हशींची पोटे ते बऱ्यापैकी पचवतात. कोंबडीला ते बाधते. वाढ खुंटते आणि साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो. म्हणून कोंबडीच्या खाद्यात सरकीला कमी भाव.

यावरचा इलाजही जुना आहे. लोहाचे सल्फेट, म्हणजे आपल्याकडच्या किराण्यातला हिराकस, योग्य मापाने मिसळला की लोह गॉसिपॉलला बांधून टाकते आणि साल काढलेल्या सरकीची पेंड थोड्या प्रमाणात कोंबडीला देता येते. माप मात्र ढेपेतल्या मोकळ्या गॉसिपॉलवर ठरते, त्यामुळे तपासणीशिवाय अंदाजाने हा प्रयोग कोणी करू नये. अमेरिकेतल्या टेक्सास कृषी विद्यापीठात कीर्तिसिंह राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दाण्यात गॉसिपॉल जवळजवळ नसलेली कपाशीच तयार केली. तिथल्या सरकारने २०१८ साली तिच्या लागवडीला आणि २०१९ साली तिच्या सरकीच्या खाद्यवापराला मोकळीक दिली. अॅरिझोनाच्या कापूस पट्ट्यात आणखी एक उपाय चालतो. विष न करणारी अॅस्परजिलस बुरशी शेतात सोडतात, ती विषारी बुरशीची जागा अडवून बसते. २००३ साली त्याला परवानगी मिळाली. आफ्रिकेत नायजेरिया, केनियात हाच उपाय मका आणि भुईमुगासाठी वापरात आला आणि तिथे ती बुरशी शेतात पसरायला दाणा कोणता वापरतात? भाजलेली ज्वारी!

जगात कापूस-ज्वारीवाल्यांच्या हाती ही साधने येत आहेत. जगाच्या कापूस नकाशावर नाव असलेल्या आपल्या यवतमाळला मात्र ओलमापक यंत्रासाठी अर्ज करावा लागतो.

शेड आपले, तोटा आपला

याच साखळीचे दुसरे टोक आता आपल्या गावांत आले आहे. कापसाने बुडवले, सोयाबीनने बुडवले, म्हणून कित्येक तरुणांनी कर्ज काढून कोंबड्यांचे शेड उभे केले. करार असा असतो. कंपनी पिले देते, खाद्य देते, औषध देते. शेड, पाणी, वीज, तूस आणि रात्रंदिवसाची राबणूक शेतकऱ्याची. पक्षी उचलताना कंपनी किलोमागे पालन-मजुरी देते आणि त्यातून खाद्य जास्त लागले, मर जास्त झाली, वजन कमी भरले, अशा कपाती करते.

आता पाहा. कोंबडीपालनात साठ-सत्तर टक्के खर्च खाद्याचा. चांगले खाद्य असेल तर एक किलो वजनाला साधारण पावणेदोन किलोच्या आत खाद्य लागते. खाद्यात अॅफ्लाटॉक्सिन असेल तर पक्षी आधी मरत नाही. त्याचे यकृत बिघडते, खाल्लेले अंगी लागत नाही, रोगप्रतिकार खालावतो, राणीखेत-गंबोरोची लस टोचूनही लागू पडत नाही. शेतकऱ्याला वाटते हवामान वाईट, पिले कमजोर, नशीब खोटे.

हिशेबच करू. पाच हजार पक्षी, प्रत्येकी दोन किलो, म्हणजे शंभर क्विंटल वजन. किलोला १.७ ऐवजी १.९ किलो खाद्य लागले तर वीस क्विंटल खाद्य वरचे गेले. ते शेतकऱ्याच्या मजुरीतून कापले जाते. खाद्य कंपनीचे, खाद्याची तपासणी कंपनीची, अहवाल कंपनीच्या कपाटात आणि कपात शेतकऱ्याच्या पावतीवर! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण आपण ऐकत आलो. इथे तर दळणाराचेच डोळे मुद्दाम बांधले आहेत.

खाद्याची खरी सफाई करण्याऐवजी वर्षानुवर्षे एक सोपी वाटही वापरली गेली. रोग नसतानाही प्रतिजैविकांची थोडी थोडी मात्रा खाद्यात घालायची, म्हणजे वाढ बरी होते. याने औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि उद्या आपल्याच लेकराला लागलेल्या तापावर ते औषध चालत नाही. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी असा वापर बंद केला. आपल्याकडे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन कोंबड्यांना दिले जात होते. त्यावर २०१९ साली बंदी आली. वाढ पाहिजे असेल तर तिचा प्रामाणिक रस्ता कोरड्या, स्वच्छ, तपासलेल्या दाण्यातून जातो, आणि तो दाणा पिकवणारे आपण आहोत.

सरकार काय करते?

सरकारला काळ्या ज्वारीची आठवण येते, पण भलत्याच वेळी. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आणले, तेव्हा काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे कल्याण होईल, असे सांगण्यात आले. कारखान्यांचे परवाने कोणाकोणाच्या नात्यागोत्यांत गेले, याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. नाव आपल्या ज्वारीचे, अनुदान त्यांच्या डिस्टिलरीचे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये कोंबडी खाद्य महागले अशी ओरड झाली, तर केंद्र सरकारने १२ लाख टन जनुक-परिवर्तित सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आपले सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर! जे बियाणे पेरायला आम्हाला मनाई, त्याची पेंड आणायला त्यांना मोकळीक. कोंबडीच्या घासासाठी बंदरे उघडली जातात, पण तोच घास पिकवणाऱ्याच्या गावात वाळवण यंत्र उभे राहत नाही.

हमीभावाचेच घ्या. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये, मक्याचा २,४००. कागदावर ज्वारी मक्याच्या १,२९९ रुपये वर बसलेली आहे. पण दाणा काळा ठरला की तो एफएक्यूच्या बाहेर, आणि एफएक्यूच्या बाहेर म्हणजे खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर. फाटकाबाहेर कोण उभा आहे, ते तुम्ही जाणता. ज्या वर्षी पाऊस लांबतो आणि शेतकऱ्याला हमीभावाची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच वर्षी हमीभाव त्याच्या कामी येत नाही. छत्री मिळते ती उन्हाळ्यात.

'आपण भाव मागायचा की चाळण्या धरायच्या?'

काही कार्यकर्ते विचारतात, आपली चळवळ भावाची, आपण हे बुरशी-चाळणीचे काम कशाला अंगावर घ्यायचे? प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही सरळ देतो.

भावाच्या लढाईत समोरच्याचे सर्वांत मोठे हत्यार 'तुझा माल खराब' हे आहे. जोवर मोजमाप त्याच्या हातात आहे, तोवर भाव कितीही जाहीर होऊ द्या, तो तळहातावर फुंकर मारून खाली आणील. काट्याचे माप आपण लढून आपल्या डोळ्यांसमोर आणले. आता ओलीचे आणि विषाचे माप डोळ्यांसमोर आणायचे आहे. अंडी उत्पादकांकडे पाहा. अंड्याचा भाव व्यापारी ठरवत, उत्पादक भरडले जात. १९८२ साली त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली आणि भाव आपण जाहीर करायला सुरुवात केली. ज्यांच्या कोंबड्या आपली ज्वारी खातात, त्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

दुसरे काही जण म्हणतात, डुक्कर-रोही पीक ठेवत नाहीत, ज्वारी सोडून द्या, विषय मिटला. ज्वारी सोडली म्हणजे कडबा सोडला, कडबा सोडला म्हणजे बैल सोडला, आणि सगळे शेत कापूस-सोयाबीनच्या एकाच फाशात अडकवले. ज्वारी सोडायची की ठेवायची ते ज्याचे त्याने ठरवावे, पण ते भावाच्या लुटीला कंटाळून ठरवायची पाळी येऊ नये.

मेळाव्यापुढे ठराव

म्हणून जिल्हा मेळाव्याने पुढील मागण्या एकमुखाने मांडाव्यात, अशी आमची सूचना आहे.

१. जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजार समितीत ओलमापक यंत्र शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर लावावे. ओलीची कपात तक्त्याप्रमाणे व्हावी आणि तक्ता भिंतीवर मराठीत लावावा.

२. ज्वारी 'खाद्याची' ठरवायची असेल तर ती लेखी कारणासह ठरवावी. विषाचे कारण देणाऱ्याने तपासणीचा आकडा द्यावा. नमुना एका मुठीचा चालणार नाही. विष थोड्याच दाण्यांत गोळा झालेले असते, म्हणून अनेक पोत्यांतून दाणे काढून, मिसळून, दळून मगच तपासणी व्हावी.

३. काळ्या पण विषाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्वारीसाठी खाद्याची वेगळी प्रत आणि तिचा वेगळा आधारभाव जाहीर व्हावा. पाऊस लांबलेल्या वर्षी ही खरेदी आपोआप सुरू व्हावी.

४. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, म्हणजे दाणा भरणे संपले, की तेव्हाच सोंगणी करून वाळवता आले तर बुरशी टळते. पण तेव्हा दाण्यात तीस टक्क्यांच्या आसपास ओल असते आणि आभाळ भरलेले असते. म्हणून गावगटांना वाळवण यंत्रे मिळावीत. मद्यार्काला अनुदान देता आले, तर वाळवणीला का नाही?

५. करारावरच्या शेडवाल्याला प्रत्येक खेपेच्या खाद्याचे तीन मोहोरबंद नमुने मिळावेत: एक त्याचा, एक कंपनीचा, एक सरकारी तपासणीचा. खाद्य मर्यादेबाहेर निघाले तर मर आणि कमी वजनाची कपात रद्द होऊन भरपाई मिळावी.

६. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांनी बुरशीविषाची तपासणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात करून द्यावी, निकाल मराठीत द्यावा आणि शेतातच विषारी बुरशीला अडवणाऱ्या उपायाची चाचणी आपल्या कापूस-ज्वारीच्या जमिनीत घ्यावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. या हंगामात प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. सोंगणीनंतर चांगली, काळपट आणि बुरशीने गोळा झालेली अशी कणसे वेगळी ठेवून तीन वेगळ्या मळण्या कराव्यात. एक टोपले खराब कणसे सगळ्या खळ्याचा भाव पाडतात. मिठाची बाटली प्रत्येक खळ्यावर ठेवावी, पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. आणि काळपट माल एकेकट्याने नेऊन विकू नये. गावाचा एकत्र करून, एक नमुना तपासून, आकडा हाती घेऊन खाद्यवाल्याशी थेट बोलावे. कोंबडीचा घास त्याला लागतोच आहे. एक पोते घेऊन गेलेल्याला तो फुंकर मारतो. दोनशे क्विंटल आणि तपासणीचा कागद घेऊन आलेल्या गावासमोर त्याला खुर्ची मांडावी लागेल.

मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या काळ्या ज्वारीचा किलोभर नमुना, अनेक पोत्यांतून मिसळून काढलेला, कापडी पिशवीत घालून आणि गावाचे नाव लिहून आणावा. सोबत गेल्या हंगामातली विक्रीची पावती आणावी. शेडवाल्यांनी खाद्याच्या पोत्यावरचे लेबल आणि शेवटच्या खेपेचा हिशेबाचा कागद आणावा. या पावत्या आणि हे नमुने एका टेबलावर मांडू आणि जिल्हाधिकाऱ्यांना बोलावून विचारू: यातले विष किती आणि लूट किती, ते मोजून द्या.